त्याला काय लागतंय!

गाडी दुकानासमोर थांबायच्या आधीच अण्णांना तिचं दुखणं कळतं. पौर्णिमेची गर्दी असते, पुण्या-मुंबईकडच्या गाड्या एकामागून एक येत असतात, त्यातली एखादी चिर्रर्र करत येते आणि पेढे जोखणारा अण्णांचा हात अधांतरी राहतो. मान न वळवता ते म्हणतात, "पुढचा डावा." गिऱ्हाईक बिचारं नवखं. त्याला वाटतं, पुढच्या डाव्या परातीतले पेढे ताजे असणार. ते म्हणतं, "हां, त्यातलेच द्या अर्धा किलो." अण्णा देतात. धंद्याला ते कधी नाही म्हणत नाहीत. पण पुडा हातात ठेवताना सांगतात, "चाकाचं म्हणत होतो मी. पॅड संपलेत. बघून घ्या."

आणि त्यांचं चुकत नाही. बऱ्याच ब्रेक पॅडच्या पाठीला एक बारकी पोलादी पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. पॅडचा थर झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला, की ती फिरत्या डिस्कला घासते आणि बोंब मारते. ही सोय मालकासाठी. पण मालक काचा वर करून, एसी लावून, मोठ्यानं दत्ताची गाणी ऐकत येतो. ऐकू जातं ते अण्णांना.

अण्णांचं दुकान नृसिंहवाडीत, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पेढे, बासुंदी, हंगामात कवठाची बर्फी. दुकान वडिलांनी घातलेलं. कढईपुढं आता माणूस ठेवलाय, कारण अण्णांचं निम्मं अंग बहुतेक वेळ कशाच्या तरी खाली असतं: गाडीच्या, बेसिनच्या, नाहीतर शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीच्या. कुठलीही वस्तू बिघडली, की त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "त्याला काय लागतंय!" हे वाक्य ऐकलं, की वहिनी मुकाट्यानं हॉलमधली सतरंजी गुंडाळून ठेवतात.

घरची परिस्थिती सांगतो. पंखा फिरतो, पण बटणाला जुमानत नाही. तो थांबवायचा तर मेन स्विच पाडावा लागतो. मिक्सर चालू केला की टीव्ही बंद पडतो, म्हणून चटणी मालिकेच्या आधी वाटून घ्यायची असा नियम आहे. फाटक आतून उघडतं, बाहेरून नाही. गीझरला हात लावणार नाही अशी शपथ वहिनींनी त्यांना प्रत्यक्ष दत्तासमोर घ्यायला लावली आहे, आणि ती त्यांनी आजवर पाळली आहे. गीझर उत्तम चालतो.

हे अण्णांचं एकट्याचं नाही. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पाण्यातच ते आहे. बाहेरून आणलेल्या वस्तूवर इथला माणूस फार दिवस अडून राहत नाही. ती उघडतो, बघतो आणि दुसरी करतो. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. उद्यमनगरात एखादा मोडका भाग घेऊन जा, तो कुठल्या कंपनीचा, कुठल्या देशाचा असलं कुणी विचारत नाही, "कधीपर्यंत पायजे?" एवढंच विचारतात. इथल्या फाउंड्र्यांत गाड्यांचे सुटे भाग ओतले जातात आणि देशभर जातात. अण्णांना हे सगळं तोंडपाठ आहे. त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो त्यांचा स्वतःचा: "कॅमेरा झाला हितं. मग चार बोल्ट खोलायला काय लागतंय?"

पण ब्रेकचं प्रकरण असं नुसत्या हौसेतनं सुरू झालं नाही. त्याला महापुराचा धक्का लागला.

वाडीकरांना पाण्याचं नवल नाही. कृष्णा-पंचगंगेचा संगम दारातच आहे. पावसाळ्यात पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात अंघोळीला लोक रात्री-बेरात्री धावत येतात. पाणी आणखी चढलं, की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात जाते. त्याच्याही वर चढलं, की माणसं शिरोळ-जयसिंगपुराकडे जातात. २००५ ला गेली, २०१९ ला गेली, २०२१ ला पुन्हा गेली. आता २०१९ च्या ऑगस्टात अण्णांच्या घरून आधी काय हललं, यावर घरात दोन मतं आहेत. वहिनी म्हणतात, आधी गाडी गेली, मग खव्याची भांडी, मग मी. अण्णा म्हणतात, गाडी आधी नेली ती रस्ता बघायला.

ती गाडी, जुनी वॅगन-आर, पाहुण्यांच्या दारात पावसात भिजत उभी राहिली. पूर ओसरला, चिखल काढून झाला, आणि गाडी करकर करायला लागली. अण्णा ती एका गॅरेजात घेऊन गेले. कुठलं ते सांगत नाही, त्या माणसाचंही पोट आहे. त्यानं पॅड बदलून दिले. काही महिन्यांत आवाज परत आला. चाक काढून बघतात तर आतल्या बाजूचा पॅड पत्र्याला टेकलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा! कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागं-पुढं सरकतो त्या गंजून धरल्या होत्या, त्यामुळे एकच पॅड दाबला जात होता आणि दुसरा नुसता सोबतीला बसला होता. गॅरेजवाल्यानं पिना साफ न करताच नवे पॅड चढवले होते. अण्णांना रडू कोसळायचं बाकी राहिलं. बासुंदी लागली तरी हा माणूस इतका हळहळत नाही. त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "ह्या गाडीच्या पुढच्या ब्रेकला ह्यापुढं परका हात लागायचा नाही."

मग अभ्यास सुरू झाला. अण्णांचा अभ्यास मुळापासून असतो. इंग्लंडमध्ये लँचेस्टर नावाच्या माणसानं १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, हे त्यांनी मला बासुंदी आटवताना सांगितलं. त्याच्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासायचा आणि कानठळ्या बसायच्या. "म्हंजे पहिल्या दिवसापासनं आवाजाचीच तक्रार," अण्णा म्हणाले. त्याच्या आधी, १८९७ च्या सुमारास, हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थानं उतारावरच्या घोडागाड्या बघितल्या. गाडीवान ब्रेकच्या लाकडाला जुना बूट बांधायचे, म्हणजे चाक धरून राहायचं. त्यावरनं फ्रूडनं ब्रेकचे अस्तर करायचा कारखानाच काढला. ही हकिकत सांगताना अण्णांचे डोळे लकाकले. "ब्रेकचा शोध पायताणातनं लागलाय, बघा. आणि त्यांनी वापरलं विलायती. कोल्हापुरी बांधलं असतं तर आजपर्यंत दुसरं काही शोधायला लागलं नसतं."

त्या फ्रूडनंच पुढं अस्तरात ॲस्बेस्टॉस घातलं. लँचेस्टरचा आवाज थांबला, पण त्या धुळीनं नंतर कित्येकांची फुप्फुसं गेली. म्हणून चाकातली काळी धूळ अण्णा कुणाला तोंडानं फुंकू देत नाहीत. नव्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नसलं तरीही नाही. ओल्या फडक्यानं पुसायची.

काम मंगळवारी निघतं. गुरुवार, शनिवार, रविवार, पौर्णिमा, अमावास्या हे गिऱ्हाइकाचे दिवस. उरलेल्यांत मंगळवार अण्णांना मानवतो. सकाळी अंगणात गाडी येते. पुतण्याच्या हातात बॅटरी दिली जाते. हे पद घराण्यात वंशपरंपरेनं चालत आलेलं आहे. अण्णांनी त्यांच्या वडिलांसाठी बॅटरी धरली, आता पुतण्या धरतो. बॅटरी धरणाऱ्याला कुठलंच काम नसतं, तरी प्रत्येक चूक त्याची असते. प्रकाश बोल्टवर पाडला तर अण्णांना पाना दिसत नाही, पान्यावर पाडला तर बोल्ट दिसत नाही. "हितं नव्हं, हितं!" असं ते गाडीखालून ओरडतात, तेव्हा बोट दाखवायला त्यांचा एकही हात मोकळा नसतो.

मी शेजारी म्हणून बसलेला असतो. माझं काम पेडलचं. ते शेवटी येतं, तोवर चहा.

आणि इथं मला अण्णांचं एक मान्य करावं लागतं. पंखा, मिक्सर, फाटक यांत ज्याला धीर म्हणून नाही, तो माणूस ब्रेकपाशी आला की एकदम वेगळा होतो. हँडब्रेक ओढलेला. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केलेले, कारण वर उचललेलं चाक पान्याबरोबर फिरतं. जॅक लावून चाक काढलं, की ते आडवं करून गाडीच्या खाली सरकवायचं, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी माणसावर न येता चाकावर बसेल. "जॅक उचलायला असतोय, पेलायला नव्हं," हे ते पुतण्याला दर खेपेला सांगतात आणि पुतण्या दर खेपेला बॅटरी हलवतो.

एका वेळी एकच बाजू खोलायची, दुसरी नमुन्याला जशीच्या तशी ठेवायची. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उलटायचा. पुरा काढायची वेळ आली तर त्याला ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचं नाही; त्यासाठी वहिनींच्या जुन्या साडीचा काठ फाडून ठेवलाय, त्यानं तो वर स्प्रिंगला बांधायचा. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. पिना बाहेर काढून, गंज पुसून, सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. पुतण्यानं एकदा विचारलं होतं, "अण्णा, तूप चालतंय काय? घरचंच आहे." तेव्हा अण्णा गाडीखालून इतक्या झटकन उठले, की डोक्याला टेंगूळ आलं. पिनांवर रबराच्या टोप्या असतात, भलतंसलतं लावलं की त्या फुगतात आणि पिना परत धरतात. हे त्यांनी त्याला डोकं चोळत समजावलं.

तुपाचं भय मात्र खरंच मोठं आहे. पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला किंवा डिस्कला चिकट हात लागला, की ब्रेक धरत नाही. आणि हे काम करणारा माणूस आहे पेढेवाला! त्याचा हात जन्मापासून खव्यात. म्हणून नवे पॅड उघडायच्या आधी अण्णा अंगणातल्या नळावर जातात, कोपरापर्यंत साबण लावतात, वास घेऊन बघतात, परत लावतात. मग दोन्ही हात वर धरून गाडीपाशी येतात आणि जाहीर करतात, "आता मला कुणी शिवायचं नाही." दुकानातला पोरगा हिशोब विचारायला आला तर त्याला लांब उभा करतात. मांजर गेलं तर थांबतात. वहिनी दारातनं म्हणतात, "अहो, देवाच्या नैवेद्याला एवढं सोवळं पाळलं असतंत तर आजपर्यंत दत्तानं दर्शन दिलं असतं."

दुसरी अडचण जागेची. नवा पॅड जाड, तो मावायला पॅड दाबणारा पिस्टन आत ढकलावा लागतो. त्यासाठी अण्णा सुताराचा शिकंजा आणतात; जुना पॅड मध्ये धरून तो हळूहळू आवळायचा. तसं केलं की बॉनेटमधल्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. आता पॅड झिजला की पिस्टन पुढं येतो आणि डबीतली पातळी आपोआप खाली जाते. ती गळती नव्हे. पण ती खाली गेलेली बघून अण्णांनी मधल्या काळात डबी काठोकाठ भरून ठेवलेली होती. पिस्टन मागं गेला आणि ऑइल बाहेर आलं. ते गाडीचा रंग खातं. वॅगन-आरच्या बॉनेटखाली डाव्या अंगाला जो पापुद्रा निघालाय तो महापुराचा नव्हे, जरी अण्णा पाहुण्यांना तसं सांगत असले तरी.

बोल्ट ठेवायला दुकानातले रिकामे बॉक्स. डाव्या चाकाचे पाव किलोच्या बॉक्सात, उजव्याचे अर्ध्या किलोच्या. पद्धत बिनचूक आहे, फक्त एकदा अण्णा हात धुवायला गेले आणि पोरग्यानं ओट्यावरचा पाव किलोचा बॉक्स उचलून काउंटरवर नेला. सांगलीकडच्या एका बाईंनी तो नैवेद्याला घेतला. पैसे दिले, देवळात गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या. पुजाऱ्यांनी झाकण उघडलं. आत दोन बोल्ट, चार क्लिपा आणि ग्रीसचं बोट. पुजारी वाडीतलेच. त्यांनी झाकण लावलं आणि एवढंच विचारलं, "अण्णांच्यातनं घेतलं काय?"

बाई परत आल्या तेव्हा अण्णांनी त्यांना अर्धा किलो पेढे फुकट दिले आणि बोल्ट कपाळाला लावून बसवले. त्या खेपेचे पॅड सगळ्यांत जास्त टिकले, असं ते सांगतात. मला विचाराल तर टिकायचं कारण पिनांवरचं ग्रीस. पण ते मी अण्णांच्या तोंडावर बोलत नाही.

चाकं चढली, नट फुलीच्या क्रमानं आवळले, जॅक उतरला, की माझी पाळी. "पेडल मारा." मी पाय ठेवतो आणि पेडल सरळ जमिनीला टेकतं. कितीही वेळा अनुभवलं तरी पोटात गोळा येतोच. पिस्टन मागं ढकललेला असतो, तो पॅडला भिडेपर्यंत ब्रेक नसतोच मुळी. चार-पाच वेळा दाबलं की पेडल कडक होतं. हे गाडी जागेवर उभी असताना करायचं. ज्याला हे कुणी सांगितलेलं नसतं, तो पॅड व्यवस्थित बसवतो, हात पुसतो, गिअर टाकतो आणि समोरची भिंत घेऊन जातो. म्हणूनच पेडल मारून झाल्याशिवाय अण्णा किल्ली कुणाच्या हाती देत नाहीत. ती कमरेला खोचलेली असते.

मग चाचणी. ब्रेकच्या चाचणीला वाडीत उतार कुठला आणायचा? चहूकडे ऊस आणि सपाटी. उतार म्हणाल तर घाटाच्या पायऱ्यांचा, आणि तिथं वहिनी जाऊ देत नाहीत. म्हणून अण्णा कुरुंदवाडच्या रस्त्याला लागतात. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला गाडी चाळीस-पन्नासच्या वेगावरनं हळूहळू मंद करायची, सोडायची, पुन्हा मंद करायची. पहिल्याच दिवशी करकचून थांबवायची नाही. अण्णा हे नेमानं करतात. मोकळ्या रस्त्यात काही कारण नसताना दर फर्लांगाला मंद होणाऱ्या या गाडीमागं दुचाकीवाले काय काय बोलतात, ते छापण्याजोगं नाही. अण्णा काच खाली करून त्यांना समजावू लागतात, "पॅड बसवतोय ओ!" गळीत हंगामात तेच करताना मात्र ते गप्प असतात. समोर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, परावर्तक नाही, आणि संध्याकाळ झालेली. तिथं खरी परीक्षा होते. आजवर पास झाले आहेत.

आता खर्चाचं. अण्णा म्हणतात, गॅरेजची मजुरी वाचली. वाचलीच. पण त्या मजुरीपायी गोटी पान्यांचा संच आला, ग्रीसच्या ट्यूबा आल्या, दुसरा जॅक आला, शिकंजा सुतारानं परत मागितला म्हणून स्वतःचा आला. मंगळवारचं दुकान पोरग्यावर. अर्धा किलो पेढे सांगलीला. वहिनींनी एकदा हा सगळा हिशोब किराणाच्या वहीत मांडला होता. अण्णांनी वही बघितली आणि म्हणाले, "हत्यारं घरात राहत्यात की."

आणि मागच्या ब्रेकचं? वॅगन-आरच्या मागच्या चाकांना ड्रम असतो. आत लायनर, स्प्रिंगा, बारीकसारीक भानगडी. शिवाय ब्रेकची नळी उघडली तर हवा शिरते, ती काढायला सराव लागतो. मला वाटलं होतं, अण्णा त्यातही हात घालणार. नाही घातला. मागचं काम निघालं की ते गपचूप जयसिंगपूरच्या मिस्त्रीकडे जातात. तिथं स्टुलावर बसत नाहीत, मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहतात, प्रत्येक स्प्रिंग कुठून निघाली ते बघतात, "पिना बघितल्या काय?" असं विचारतात. ड्रमला तसल्या पिना नसतात हे मिस्त्रीनं त्यांना अनेकदा सांगितलंय. शेवटी वैतागून त्यानं उपाय काढला. अण्णा आले की तो त्यांच्या हातात बॅटरी देतो.

तेव्हा वाडीला आलात, गाडीचे पुढचे पॅड गेले असतील आणि हातात अख्खा मंगळवार असेल, तर अण्णांच्या अंगणात खुशाल गाडी लावा. पेढे मात्र झाकण उघडून, बघून घ्या. आणि घरचा पंखा बिघडल्याचं बोलू नका.